पावसाळ्यात जाणारी रेंज : दोष डोंगराचा की कंपनीचा?

खाडीपलीकडचा

आमचे घर गुहागर तालुक्यात, खाडीकडे उतरणाऱ्या एका वाडीत आहे. घरी आई आणि काका असे दोघेच असतात. आम्ही भावंडे पुण्या-मुंबईला. मृग लागला की या घराशी फोनवर बोलणे बेभरवशाचे होते. कधी आईला आमचे सगळे ऐकू जाते, पण तिचा आवाज आमच्यापर्यंत पोहोचत नाही. कधी रेंजच्या चारही काड्या भरलेल्या दिसतात आणि व्हॉट्सॲपचा साधा संदेश जाता जात नाही. वीज गेली की थोड्या वेळाने फोन ठार बंद होतो आणि वीज आल्यावरही लगेच सुरू होईल याची खात्री नसते.

तक्रार नोंदवली तर दोन दिवसांनी ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे’ असा संदेश येतो, तोही मला पुण्यात, कारण संपर्कासाठी माझा क्रमांक दिलेला आहे. बाजारपेठेतल्या मोबाइलच्या दुकानदाराचे म्हणणे असे की फोन जुना झाला, ५जी घ्या. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी पाठोपाठ दर वाढवले तेव्हा तेही आम्ही मुकाट्याने भरले.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. कंपनी बदलल्याने फरक पडेल की नाही, हे नवे सिमकार्ड घेण्याआधी कसे ओळखावे? आणि तक्रार कोठे करावी, की जी निदान कोणीतरी वाचेल? ‘अमुक कंपनी घ्या’ एवढाच सल्ला कृपया देऊ नये, कारण आमच्याकडे वाडी बदलली की उत्तर बदलते.

चिरेबंदी

आपण सांगितलेल्या तिन्ही तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत आणि तिन्हींवर एकच औषध नाही, म्हणून पहिल्या तक्रारीपुरते लिहितो.

फोनवर दिसणाऱ्या काड्या टॉवरकडून आपल्याकडे येणारा सिग्नल दाखवतात. टॉवरवरचा प्रक्षेपक दहा-वीस वॅट किंवा त्याहून अधिक शक्तीने बोलतो, तर ४जी फोन जास्तीत जास्त सुमारे ०.२ वॅटने उत्तर देतो. त्यामुळे दूरच्या टॉवरचे आपल्याला ऐकू येते, पण आपले त्याला ऐकू जात नाही. आईंचा आवाज तुमच्यापर्यंत येत नाही, याचे बहुधा हेच कारण आहे. अशा घरात फोन पूर्ण ताकदीने ओरडत राहतो आणि बॅटरीही लवकर उतरते. दुपारपर्यंत फोन उतरतो म्हणून बॅटरी बदलून घेणाऱ्यांनी आधी हे तपासावे.

दुसरी गोष्ट घराची. जांभ्याच्या चिऱ्यांची जाड भिंत, त्यापलीकडे पडवी, पुन्हा एक भिंत आणि मग माजघर, अशा घरात सिग्नल आत जाईपर्यंत त्याची बरीच शक्ती खर्च होते. पावसात चिरा पाणी पितो, त्याने यात भरच पडते. लहरींच्या वारंवारतेचाही संबंध आहे. ७००, ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूर जातात, टेकडीच्या कडेवरून थोड्या वळतात आणि भिंतीतूनही बऱ्यापैकी आत येतात; २१०० किंवा २३०० च्या लहरी त्या मानाने लवकर दमतात आणि ५जी साठी वापरल्या जाणाऱ्या ३३०० च्या तर त्याहून लवकर. म्हणून ‘५जी घ्या’ हा सल्ला उताराच्या वाडीत अनेकदा उलटा पडतो. तुमच्या टॉवरवर ५जी कमी वारंवारतेच्या लहरींवर असेल तर गोष्ट वेगळी, पण दुकानदाराला ते माहीत असण्याची शक्यता कमीच.

आता सिमकार्ड घेण्याआधी करायची चाचणी. फोनच्या सेटिंगमध्ये मोबाइल नेटवर्कखाली ‘नेटवर्क ऑपरेटर आपोआप निवडा’ असा पर्याय असतो. तो बंद केला की फोन एक-दोन मिनिटे शोध घेतो आणि त्या जागी ज्या कंपन्यांचा सिग्नल मिळतो त्यांची यादी दाखवतो. ही यादी खळ्यात, पडवीत आणि माजघरात अशी तीन ठिकाणी घ्यावी. माजघरातही जे नाव टिकते तेच उपयोगाचे. काम झाल्यावर पर्याय पुन्हा सुरू करायला विसरू नये, नाहीतर काकांचा फोन चुकीच्या जागी अडकून बसेल.

सिमकार्ड असूनही फोनवर ‘फक्त आपत्कालीन कॉल’ असे दिसत असेल, तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ असा, की तुमच्या कंपनीचा सिग्नल नाही पण दुसऱ्या कोणाचा तरी आहे. ११२ चा कॉल त्या दुसऱ्या जाळ्यावरून जाऊ शकतो. अशा जागी डोंगराला दोष देता येत नाही.

सड्यावरचा

वरील प्रतिसादाशी सहमत, पण पावसाबद्दल अधिक सांगणे भाग आहे. काही वर्षे टॉवरच्या देखभालीच्या कामात होतो, म्हणून हे लिहीत आहे.

‘पावसामुळे रेंज जाते’ हे वाक्य कस्टमर केअरपासून सरपंचापर्यंत सगळे म्हणतात. टॉवर आणि फोन यांच्यामधल्या लहरींवर पावसाच्या थेंबांचा परिणाम फारच थोडा होतो. ओल्या झाडोऱ्याचा त्यापेक्षा जास्त होतो, आणि कोकणातल्या वाड्या आंबा-फणस-माडांत बुडालेल्या असतात हे खरे. पण चालू असलेला फोन एकदम बंद पडतो तेव्हा कारण बहुधा टॉवरच्या मागच्या बाजूला असते.

प्रत्येक टॉवरला पुढच्या केंद्राशी जोडणारा दुवा लागतो. तो ऑप्टिकल फायबरचा असतो किंवा टॉवरवरच्या त्या गोल, ढोलासारख्या दिसणाऱ्या मायक्रोवेव्ह डिशचा. डिश १५ किंवा १८ गिगाहर्ट्झ अशा उंच लहरींवर चालत असेल, तर आषाढातल्या मुसळधार सरीत तो दुवा खरोखरच दुबळा होतो. अशा वेळी टॉवर उभा असतो, वीज असते, काड्याही भरलेल्या दिसतात. पण टॉवरच मुका झालेला असतो. एका टेकडीवरचा टॉवर दुसरीवरच्याला, दुसरा तिसऱ्याला, अशी साखळी असेल तर एक कडी तुटली की मागची सगळी गावे बंद. फायबर असेल तर पावसाचा प्रश्न नाही, जेसीबीचा आहे. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ पासून चालले आहे आणि त्या रस्त्याच्या कडेने गेलेल्या केबलांनी काय काय सोसले आहे हे त्या मार्गावर राहणाऱ्यांना सांगायला नको.

विजेचे तर विचारूच नका. वादळी वाऱ्यात फांदी पडली की फिडर, म्हणजे गावाला वीज आणणारी वाहिनी, बंद. टॉवरवर बॅटरी असते, ती नवी असताना काही तास काढते. जुनी झालेली बॅटरी त्याच्या अर्ध्यातच मान टाकते. डिझेल जनित्र प्रत्येक टॉवरला नसते, आणि असले तरी घाटीच्या वळणावरून पिंप घेऊन जाणारी गाडी दरड कोसळल्यावर पोहोचणार कशी? त्यात टॉवर एका कंपनीचा, त्यावरची यंत्रे दुसऱ्या कंपनीची आणि डिझेलचा ठेका तिसऱ्याचा, असा प्रकार सर्रास असतो. ग्राहकाने ज्याला पैसे दिले तो बॅटरीकडे बोट दाखवतो, टॉवरवाला महावितरणकडे.

धागाकर्त्यांच्या गावात वीज गेल्यावर ठरावीक वेळाने फोन बंद होत असेल, तर ती वेळ काकांना लिहून ठेवायला सांगा. सिग्नल कमी आहे म्हणून केलेली तक्रार आणि वीज गेल्यावर अर्ध्या तासात टॉवर बंद पडतो म्हणून केलेली तक्रार, या दोन्हींचा निपटारा वेगवेगळे लोक करतात. पहिली कागदावरच राहते. दुसरीवर कोणीतरी बॅटरी बदलायला येण्याची शक्यता असते.

चाकरमानी_डोंबिवली

काड्या भरलेल्या पण संदेश जात नाही, याचे आणखी एक कारण आम्हीच आहोत. गणपतीत आमच्या वाडीतली बंद घरे उघडतात, प्रत्येक घरात आठ-दहा माणसे आणि तेवढेच फोन. आरतीच्या वेळी सगळेच एकदम चित्रफीत पाठवू लागतात. वर्षभर ज्या टॉवरकडे मूठभर ग्राहक असतात त्याची क्षमता तेवढ्याच बेताने ठेवलेली असते. सिग्नल पुरेसा असतो, वाटा कमी पडतो. शिमग्यात आणि मे महिन्यातही तेच होते.

मला राग येतो तो याचा, की गणेशोत्सव कोणत्या तिथीला येणार हे पंचांगात आधीच छापलेले असते. कोकण रेल्वे जादा गाड्या सोडते, एसटी महामंडळ जादा बस सोडते. मग क्षमता तात्पुरती वाढवायला किंवा गाडीवर बसवलेला फिरता टॉवर आणायला कंपन्यांना काय अडचण असावी? मोठ्या मेळाव्यांना अशा गाड्या जातात. वाडीवस्तीत त्यांना पैसा दिसत नाही, एवढेच.

आमच्यापुरता तोडगा असा, की गर्दीच्या दिवसांत फोन ४जी वरून २जी वर टाकला तर निदान बोलणे होते. मात्र ज्या कंपनीकडे २जी नाहीच, तिच्या ग्राहकाला ही सोय नाही.

माडाखाली

तुम्हा सर्वांचे बोलणे पटते. पण टॉवर नको म्हणून ग्रामसभेत ठराव कोण करतो, तेही कोणीतरी सांगावे. आमच्या शेजारच्या गावात जागा ठरली होती, भाडेही ठरले होते, आणि मग किरणांमुळे आंब्याला मोहोर येत नाही अशी आवई उठली. त्यात भाऊबंदकी होतीच, कारण भाडे एकाच घराला मिळणार होते. आज तेच लोक कातळावर जाऊन, हात उंच करून फोन लावतात.

टॉवरच्या प्रारणाची मर्यादा भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांश इतकी कडक केली. ‘तरंग संचार’ या सरकारी संकेतस्थळावर आपल्या भागातले टॉवर पाहता येतात आणि शुल्क भरून मोजमापाची मागणीही करता येते. शिवाय वर म्हटल्याप्रमाणे टॉवर जितका दूर, तितका कानाला लावलेला फोन जोरात प्रक्षेपण करतो. ज्यांना किरणांची भीती वाटते त्यांनी टॉवर जवळ यावा म्हणून ठराव करायला हवा!

चिरेबंदी

माडाखाली, भीतीवर हसू नये असे वाटते. कंपनीचा माणूस गावात जागेचा करार करण्यापुरता येतो आणि प्रश्न विचारले की दिसेनासा होतो. लोकांशी नीट बोलले असते तर अर्धे ठराव झालेच नसते.

बंदरकर

आम्ही हर्णै बाजूचे. आमच्याकडे उलटा प्रकार पाहायला मिळतो. बंदराच्या मागच्या आळीत रेंज नसते आणि होडी समुद्रात काही मैल आत गेली तरी फोन खणखणीत लागतो, कारण पाण्यावर आडवे येणारे काही नसते. टेकडीवरचा टॉवर समुद्राकडे तोंड करून असला की त्याचा लाभ आळीपेक्षा खलाशाला जास्त. पण म्हणून मोबाइलच्या भरवशावर खोल समुद्रात जाणे योग्य नाही. तेथे व्हीएचएफ बिनतारी संचच हवा, हे तरुण तांडेलांना पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

३ जून २०२० चे निसर्ग वादळ आम्ही पाहिले. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्यात खांब आडवे झाले, वीज गेली आणि तिच्या मागोमाग फोन गेले. कितीतरी गावांतून मुंबईच्या नातेवाइकांना ‘आम्ही सुखरूप आहोत’ एवढे कळवायलाही मार्ग उरला नव्हता. कंपन्या निरनिराळ्या, पण टॉवर बहुतेकांचे एकत्र आणि वीज एकच, त्यामुळे दोन कंपन्यांची सिमकार्डे बाळगणाऱ्यांचाही उपयोग झाला नाही. म्हणून दुसरे सिमकार्ड घेताना त्या कंपनीचे यंत्र त्याच टॉवरवर नाही ना, एवढे विचारून घ्यावे.

नियमावर_बोट

धागाकर्त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे अजून कोणी वळले नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

ट्राय ही नियामक संस्था वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. तिला पत्र पाठवले तर ते कंपनीकडेच जाते. २०१२ च्या तक्रार निवारण नियमांनुसार पहिली पायरी कंपनीच्या तक्रार केंद्राची, म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत १९८ क्रमांकाची. तेथे तक्रार क्रमांक मिळतो, तो जपून ठेवावा. उत्तर समाधानकारक नसेल किंवा मुदतीत आलेच नसेल, तर त्यानंतर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे अपील करता येते. त्याला शुल्क नाही, आणि निर्णय ३९ दिवसांत द्यावा असे नियम सांगतो. बहुसंख्य ग्राहक पहिल्याच पायरीवर ‘निवारण झाले’ हा संदेश वाचून थांबतात, आणि कंपनीच्या हिशेबात ती तक्रार सुटलेली म्हणून जमा होते. धागाकर्त्यांनी येथे थांबू नये. अपिलातही हाती काही लागले नाही तर दूरसंचार विभागाकडे केंद्र सरकारच्या तक्रार संकेतस्थळावरून जाता येते. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहक मंचाकडे दाद मागता येते असा स्पष्ट निर्णय दिला आहे.

सेवेच्या दर्जाविषयीचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. त्यांतल्या दोन तरतुदी आपल्या कामाच्या आहेत. कंपन्यांनी आपल्या संकेतस्थळावर २जी, ४जी, ५जी कोठे मिळते याचे नकाशे द्यायचे आहेत. नकाशात आपली वाडी रंगवलेली असेल तर त्याचे चित्र काढून तक्रारीला जोडावे. नकाशा बहुधा मोकळ्या जागेचा अंदाज दाखवतो, माजघराचा नव्हे, हे मान्य; पण खळ्यातही फोन लागत नसेल तर कंपनीच्या स्वतःच्याच नकाशापेक्षा चांगला पुरावा दुसरा नाही.

दुसरी तरतूद भरपाईची. जिल्ह्याच्या पातळीवरची मोठी सेवाबंदी २४ तासांहून अधिक चालली, तर पोस्टपेड ग्राहकाला भाड्यात सूट आणि प्रीपेडला मुदतवाढ मिळायला हवी. मात्र नैसर्गिक आपत्तीमुळे झालेली बंदी त्यातून वगळलेली आहे, आणि भरपाई त्या जिल्ह्यात नोंदलेल्या ग्राहकांसाठी आहे. आमच्या भागात निम्मी सिमकार्डे मुंबईहून मुलांनी घेऊन दिलेली असतात, म्हणजे कागदोपत्री ती मुंबईची. एका वाडीचा टॉवर बंद पडला तर तो जिल्हा बंद पडला असेही होत नाही. कोकणातल्या माणसाच्या हाती या तरतुदीतून फार काही पडेल असे मला वाटत नाही, आणि नियम करताना कोणी खाडीकाठची एखादी वाडी डोळ्यांसमोर ठेवली असेल असेही वाटत नाही.

खाडीपलीकडचा

सर्वांचे आभार. भाच्याला सांगून ती यादीची चाचणी करून घेतली. खळ्यात तीन कंपन्या दिसल्या, पडवीत दोन आणि माजघरात एकच, आणि ती आमची नाही. वीज गेल्यावर फोन किती वेळ टिकतो ते काका आता दिनदर्शिकेवर लिहून ठेवत आहेत. ते एकेकाळचे तलाठी असल्याने नोंद चोख असते.

दोन शंका उरल्या. चिपळूणला एक जण सिग्नल वाढवणारे यंत्र बसवून देतो म्हणतो, ते घ्यावे का? आणि आईचा क्रमांक मुंबईत घेतलेला आहे, तो दुसऱ्या कंपनीत नेताना काही अडचण येईल का?

सड्यावरचा

ते यंत्र अजिबात घेऊ नका. कंपनीच्या आणि सरकारच्या परवानगीवाचून असा बूस्टर बसवणे बेकायदा आहे आणि तो आजूबाजूच्या सगळ्या वाडीचा सिग्नल बिघडवतो. एका घरात चांगली रेंज आणि दहा घरांत गोंधळ, हे तपासाला गेलेल्या पथकांना नेहमी सापडते. त्यापेक्षा गावात स्थानिक केबलवाल्याने फायबर आणले असेल तर ती जोडणी घ्या आणि फोनमध्ये वाय-फाय कॉलिंग सुरू करा. मग भिंत कितीही जाड असो, माजघरातूनही बोलता येते. राउटरला लहानसा इन्व्हर्टर जोडा, म्हणजे वीज गेल्यावरही काही तास चालेल. फक्त केबलवाल्याच्या टोकाला त्याची स्वतःची बॅटरी आहे का ते आधी विचारा.

नियमावर_बोट

क्रमांक नेण्याबद्दल. १९०० वर ‘पोर्ट’ आणि पुढे क्रमांक असा इंग्रजीत संदेश पाठवला की एक सांकेतिक क्रमांक येतो, तो चार दिवस चालतो. मुंबई हे स्वतंत्र सेवाक्षेत्र आहे आणि रत्नागिरी महाराष्ट्र-गोवा क्षेत्रात येते, त्यामुळे एका क्षेत्रात लागणाऱ्या तीनऐवजी पाच कामकाजाचे दिवस धरा. सध्याच्या कंपनीत ९० दिवस पूर्ण झालेले असावेत. नव्या कंपनीचे सिमकार्ड रत्नागिरी जिल्ह्याच्या पत्त्यावर घ्या. पुढे भरपाईचा प्रश्न आलाच तर उपयोगी पडेल.

आईंना इंटरनेट लागत नसेल तर आणखी एक. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने केवळ बोलणे आणि एसएमएस यांसाठीचे वेगळे रिचार्ज ठेवणे कंपन्यांना बंधनकारक केले. दुकानदार ते आपणहून सांगत नाही, मागून घ्यावे लागते.

चाकरमानी_डोंबिवली

आणि मूळ कंपनीकडचे अपील क्रमांक नेण्याआधी दाखल करून टाका. एकदा ग्राहक राहिला नाही, की त्यांना उत्तर द्यायचे कारणच उरणार नाही. आमच्या वाडीतल्या चार-पाच घरांच्या तक्रारींचे क्रमांक माझ्याकडे आहेत. तुमचा टॉवर आमचाच निघाला तर काकांच्या नोंदींबरोबर तेही जोडता येतील. गावाचे नाव मला संदेशातून कळवा.